विद्यापीठ खरं, नॅकची ग्रेड खरी, तरी अ‍ॅडमिशन बोगस

कळवा, रबाळे, घणसोली पट्ट्यात नोकरी करून शिकणारी जी मुलं आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. माझा धाकटा दीर रबाळे एमआयडीसीत कामाला आहे, बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, सुपरवायझरच्या पोस्टला ग्रॅज्युएशन मागतात म्हणून वाशीतल्या एका सेंटरमधून परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या डिस्टन्स बीकॉमला अ‍ॅडमिशन घेतली. ३८,००० भरले, त्यातले निम्मे कॅश.

आता कुणी म्हणेल, चौकशी करायची ना. केली की! मी स्वतः सोबत होते. काउन्सेलर बाईंनी आमच्यासमोर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, साइट उघडली, विद्यापीठाचं नाव दाखवलं, "मॅडम, टू-एफ मध्ये आहे, हंड्रेड परसेंट यूजीसी अप्रूव्हड". भिंतीवर नॅकचं, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. आणि गंमत म्हणजे यातलं काहीच खोटं नव्हतं.

पुढे कंपनी फी परत देते म्हणून दिराने बोनाफाईड मागितलं, सेंटरवाले आज देतो उद्या देतो करत राहिले, शेवटी एचआरने थेट विद्यापीठाला मेल टाकला. उत्तर आलं की या नंबरचा विद्यार्थी आमच्याकडे नाही आणि आम्ही डिस्टन्स कोर्स चालवतच नाही. म्हणजे जी परीक्षा त्या सेंटरच्या मागच्या खोलीत पुस्तकं उघडी ठेवून झाली ती कुणाची होती देव जाणे.

त्यानंतर मी बसून सगळं वाचून काढलं. यूजीसीच्या त्या टू-एफ यादीत (कायद्याच्या कलम २(एफ) वरून हे नाव) नाव आहे याचा अर्थ एवढाच की ते विद्यापीठ कायद्याने स्थापन झालंय आणि १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे त्याला डिग्री देता येते. डिस्टन्स किंवा ऑनलाइन शिकवायचं तर यूजीसीच्याच डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची, म्हणजे डीईबीची, वेगळी मंजुरी लागते, तीही कोर्सनुसार, आणि ती यादी डीईबीच्या साइटवर वेगळी असते, जी आम्हाला अर्थातच कुणी उघडून दाखवली नाही. वर फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला तर यूजीसीची सरळ मनाई आहे. नॅकचं म्हणाल तर ती ग्रेड त्या संस्थेची तपासणी करून मिळते, साधारण पाच वर्षांसाठी. वाशीतल्या गाळ्याला ती लागू होत नाही. डॉक्टरची डिग्री खरी म्हणून कंपाउंडरने ऑपरेशन करावं, तसला प्रकार.

अजून एक. २०२४ पासून डिस्टन्स आणि ऑनलाइनला विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट्स जमा होणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) लागतो. आम्हाला सांगितलं "ते आम्ही मागून करून देऊ". जो असं म्हणेल त्याच्याकडून सरळ उठून यायचं, कारण आयडी काढायला स्वतः डीईबीच्या साइटवर गेलात की मंजूर कोर्सची यादीही बघाल, आणि त्यांना नेमकं तेच नको असतं.

पावती पण बघा. आमच्या पावतीवर विद्यापीठाचा लोगो ठळक, पण खाली शिक्का कुठल्यातरी 'एज्युकेशनल सर्व्हिसेस'चा आणि रकमेपुढे 'कन्सल्टेशन चार्जेस' लिहिलेलं. फी हा शब्दच नाही! भांडायला गेलो तर म्हणे आम्ही फक्त गायडन्स देतो, अ‍ॅडमिशन विद्यापीठाचा विषय.

यूजीसीच्या ई-समाधान या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकलीय. पण यूजीसी विद्यापीठांवर लक्ष ठेवते, बोगस विद्यापीठांची यादी काढते, गल्लीतल्या सेंटरवर धाड टाकायला काही ती येत नाही, ते काम पोलिसांचं. म्हणून पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत पावती, विद्यापीठाचा मेल आणि यूपीआयचं स्टेटमेंट. कॅशचा पुरावा नाही त्यामुळे तेवढे पैसे बुडाल्यातच जमा.

दिराची बारावीची ओरिजिनल मार्कशीट पण यांनी अडकवून ठेवलेली. खऱ्या कॉलेजलाही ओरिजिनल ठेवून घेता येत नाही, २०१८ मध्ये यूजीसीने तसं स्पष्ट काढलंय. पोलिसांचा फोन गेल्यावर मार्कशीट निमूट मिळाली, पैशांचं मात्र अजून "सर बाहेर आहेत" चालू आहे. त्याच सेंटरमध्ये पैसे भरलेलं अजून कुणी असेल तर पावत्या घेऊन सांगा, अर्ज एकत्र देऊ.