७९ डॉलरची चिमणी-सफाई आणि ४,२७९ डॉलरचा चुना

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी हे वाचावं. घरात विटांची फायरप्लेस असेल तर नक्कीच. मला ४,२७९ डॉलरना गंडवलंय, आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, बायकोने केलेला चहा पिऊन.

लगेच कोणीतरी म्हणणार, "कूपनवर विश्वास ठेवलासच कशाला?" ठेवला, कारण इथे गटर साफ करणारे, गालिचे धुणारे, झाडं कापणारे सगळेच टपालाने कूपनं पाठवतात आणि त्यातले बरेच जण धड काम करतात. या कूपनवर होतं: चिमणीची सफाई आणि तपासणी, फक्त ७९ डॉलर. पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, असल्या गोष्टी तुम्हीही ऐकलेल्या असतील. मीही ऐकल्या होत्या. चोर रोलेक्स विकायला आला असता तर मी ओळखला असता, शिडी घेऊन आलेल्याला कसा ओळखणार?

आमचं घर १९७८ सालचं. बाहेरच्या भिंतीला लागून विटांची चिमणी, आत मातीच्या भाजलेल्या टाइल्सचा चौकोनी मार्ग. आम्ही लाकडं जाळतो ती नाताळच्या सुट्टीत आणि बर्फ पडला की, एवढीच. यंदा साताऱ्याहून आई-बाबा आले होते. बाबांना दमा. थंडी सुरू व्हायच्या आत चिमणी तपासून घ्यावी, म्हणजे हॉलमध्ये धूर नको, एवढाच माझा हेतू. चिमणीची तपासणी वर्षातून एकदा व्हावी असं एनएफपीए २११ या आगीपासून बचावाच्या इथल्या मानकातच लिहिलंय. म्हणजे मी काही उधळपट्टी करत नव्हतो.

दोघं आले. एक बोलका, छातीवर कंपनीचा लोगो, हातात टॅबलेट. दुसरा मुका, तो शिडी लावून वर गेला. थोड्या वेळात खाली आला. बोलक्याने टॅबलेटवर फोटो दाखवला: काळाकुट्ट चकचकीत थर आणि त्यातून गेलेली लांब भेग. "थर्ड स्टेज क्रिओसोट," म्हणजे लाकडाच्या धुराचा काचेसारखा घट्ट बसलेला थर. "ठिणगी पडली तर चिमणी पेटेल, आणि भेगेतून आग भिंतीत जाईल."

माझं डोकं फिरतं ते यापुढच्या दोन मिनिटांवर. बाबा बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून ते ऐकत नव्हते, बघत होते. मला मराठीत म्हणाले, "अरे, हा चिमणी साफ करून आला ना? मग याच्या हाताला काजळी कशी नाही? आपला बंब नुसता पुसला तरी कोपरापर्यंत काळं व्हायचं." आणि मी, इतकी वर्षं अमेरिकेत राहिलेला शहाणा, काय म्हणालो? "बाबा, इथे सगळं मशीननं होतं."

कुठलं मशीन? ब्रश पिशवीतून अर्धा बाहेर आला होता, त्याचा एक केसही काळा नव्हता. फायरप्लेससमोर ताडपत्री अंथरली नव्हती. व्हॅक्यूमचा आवाज नव्हता. खरा स्वीप, म्हणजे चिमणी साफ करणारा, आला की आधी ताडपत्री टाकतो आणि काम संपेपर्यंत व्हॅक्यूम चालू ठेवतो, नाहीतर काजळी घरभर उडते. पंच्याहत्तरीच्या माणसाला जे एका नजरेत दिसलं ते मी त्यांनाच समजावून सांगितलं!

त्यानंतर बोलक्याने खिशातून मीटर काढला, फायरप्लेसच्या तोंडाशी धरला आणि तो टीं-टीं वाजायला लागला. "कार्बन मोनॉक्साइड." आता शांत डोक्याने विचार करा. मार्चपासून फायरप्लेस पेटवलेली नाही. सप्टेंबर महिना, हीटिंग बंद. पाणी तापवायच्या गॅस हीटरचा धूर वेगळ्याच पाइपने बाहेर जातो. जिथे काही जळतच नाही तिथे कार्बन मोनॉक्साइड येणार कुठून? हे बारावीचं रसायनशास्त्र आहे. भिंतीवरचा आमचा डिटेक्टर मुकाट होता. त्यावर बोलका म्हणाला, "हे जुने झाले की असेच गप्प राहतात." मीटरच्या टेस्ट बटणावर अंगठा दाबून धरला की तो वाजतोच, हे आता सांगतोय.

पण त्या क्षणी बोलका आवाज खाली आणून म्हणाला, "माझे वडील असते तर आज रात्री त्यांना मी या घरात झोपू दिलं नसतं." समोर दम्याचे बाबा बसलेले. तुम्ही काय केलं असतं? मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

बिल असं: स्टेनलेस स्टीलचा लायनर (चिमणीच्या आत सोडायचा पाइप) ३,४५०, वरचा क्राउन (चिमणीच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर) ६५०, कॅप (त्यावरची टोपी) ३२०, स्मोक चेंबरची (फायरप्लेसच्या वरच्या पोकळीची) दुरुस्ती ४८०. एकूण ४,९००. "आजच ठरवलंत तर ४,२००." अर्धे आत्ता, अर्धे काम झाल्यावर. क्रेडिट कार्डाला साडेतीन टक्के जास्त, म्हणजे १४७ डॉलर. ते वाचवायला मी झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, २,१०० पाठवले. कार्डावर घेतले असते तर निदान डिस्प्यूट टाकता आला असता. कार्ड नको म्हणणाऱ्या ठेकेदाराला दारातूनच परत पाठवा, तो कितीही गोड बोलो.

सही टॅबलेटवर बोटाने. कराराची प्रत "ईमेलने येईल." ईमेलने आली ती एका पानाची पावती. या राज्यात ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीचा करार लेखीच लागतो, त्यावर ठेकेदाराचा १३व्हीएचने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, आणि प्रत हातात आल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ग्राहकाला करार रद्द करता येतो. म्हणूनच प्रत हातात पडू देत नाहीत. पावतीवर क्रमांक होता. मी तो तपासला तेव्हा पैसे जाऊन बसले होते, आणि क्रमांक निघाला भलत्याच एका छपरं दुरुस्त करणाऱ्याचा.

पुढच्या आठवड्यात "काम" झालं. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, बाबा अंगणात खुर्ची टाकून बघत बसलेले. खाली आलो तर बोलक्याने फोटो दाखवला, चिमणीत चमचमणारा पाइप. मी उरलेले २,१०० पाठवले. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पाइप काही आणलेला दिसला नाही. शिडी आणि दोन बादल्या होत्या." लायनर खिशातून आणायची वस्तू नव्हे हो! दुमजली घराच्या चिमणीला पंचवीसेक फूट लांब पाइप लागतो, त्याचं भलंमोठं वेटोळं येतं, ते उलगडून वरून खाली सोडावं लागतं. तुमच्याकडे लायनर घालणार असतील तर ते वेटोळं अंगणात स्वतः बघा, आणि काम झाल्यावर डॅम्पर (फायरप्लेसच्या वरची झडप) उघडून खालून टॉर्च मारा. स्टील असेल तर चमकेल.

नोव्हेंबरात लाकडं पेटवली आणि सगळा धूर हॉलमध्ये. बाबांना इन्हेलर द्यावा लागला. कंपनीचा फोन आधी "आम्ही परत फोन करू" म्हणत होता, मग लागेनासाच झाला.

शेजाऱ्यांनी त्यांचा नेहमीचा स्वीप दिला. सीएसआयए या चिमणी-सुरक्षेच्या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र असलेला. हे प्रमाणपत्र माणसाचं असतं, कंपनीचं नव्हे, त्यामुळे शिडीवर चढणाऱ्याचं नाव विचारा आणि त्यांच्या यादीत शोधा. त्याने २८५ डॉलर घेतले, दांड्याला कॅमेरा लावून खालपासून वरपर्यंत आतला मार्ग दाखवला, माझ्यासमोर, थेट स्क्रीनवर. लायनर नाही. १९७८च्या टाइल्स ठणठणीत. काजळी होती ती भुरभुरीत, ब्रशने झडणारी. आमच्या एवढ्याशा लाकडांनी काचेसारखा थर जमणं शक्यच नव्हतं. क्राउनवर साध्या सिमेंटचा पातळ हात फिरवलेला, ६५० डॉलरचा. कॅप इतकी खाली दाबून बसवलेली की धुराला वाट नव्हती. ती बदलायचे १९० डॉलर वेगळे. मी त्याला सप्टेंबरातला भेगेचा फोटो दाखवला. तो हसला. फोटोतला मार्ग गोल होता. आमचा आयताकृती, साडेआठ बाय तेरा इंच. तो फोटो इतके दिवस माझ्या फोनमध्ये पडून होता.

आता तक्रारींचं ऐका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. काउंटरवरच्या माणसाने तर विचारलं, "काहीतरी काम केलं ना त्यांनी?" केलं की, कॅप दाबली! बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं हॅक झालेलं नाही, तर आम्ही काय करणार? फसवून पाठवायला लावले, असं म्हटलं तर बाई म्हणते, "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन." टाउनशिपच्या ऑफिसात उत्तर मिळालं, या कामाचं परमिटच निघालेलं नाही, तर आम्ही तपासू काय? वर परमिट का काढलं नाही म्हणून मलाच प्रश्न. ग्राहक तक्रारींचं जे ऑफिस आहे त्याने फॉर्म मागितला, मग पावत्या, मग त्याच पावत्या पुन्हा दुसऱ्या नमुन्यात. शेवटी पत्र आलं: आपली तक्रार संबंधित व्यावसायिकाकडे पाठवली होती, त्यांचं उत्तर आलं नाही, सबब प्रकरण बंद. म्हणजे चोराला पत्राने विचारलं, बाबा रे, तू चोरी केलीस का? त्याने उत्तर दिलं नाही म्हणून फाइल मिटवली. यांच्यासाठी कर भरायचा! आपल्याकडच्या सरकारी ऑफिसांना आपण उगाच नावं ठेवतो. तिथे निदान समोर उभं राहून भांडता तरी येतं, इथे भांडायला माणूसच मिळत नाही, नुसता केस नंबर.

राहिलं स्मॉल क्लेम्स कोर्ट. मर्यादा ५,००० डॉलर, माझे त्यात बसतात. पण समन्स बजावायला पत्ता लागतो. पावतीवरचा पत्ता निघाला एका भाड्याच्या टपालपेट्यांच्या दुकानाचा.

झेलच्या व्यवहारात ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव आणि फोन नंबर माझ्याकडे आहे. त्यावरून पत्ता काढायचा प्रयत्न चालू आहे. मिडलसेक्स किंवा समरसेट काउंटीत ७९ डॉलरच्या कूपनवर कोणाकडे अशी जोडगोळी आली असेल, एक बोलका, एक मुका, तर तारीख, रक्कम, पावती आणि त्यांनी दाखवलेला फोटो जपून ठेवा आणि मला कळवा. लाज वाटत असेल तर नाव सांगू नका, पण पावती दाखवा. त्यावर दुसरा पत्ता सापडला तर दावा लगेच दाखल करतो.