ताम्हिणीच्या वळणांवर: आय२० एन लाइन की अल्ट्रोझ रेसर?

कागदावर ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर, दोघी गाड्या जवळजवळ जुळ्या. १२० पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप), ६ गिअरची मॅन्युअल, ताकद पुढच्याच चाकांना. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १७२ की १७० न्यूटन-मीटर, हा वाद सोडाच.

खरी गंमत टायरमध्ये. ह्युंदाईला १९५/५५ आर१६, टाटाला १८५/६० आर१६ (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूच्या भिंतीची उंची). म्हणजे एन लाइनचं टायर १० मिलिमीटर रुंद, बाजूची भिंतही जरा बुटकी. त्यामुळे स्टिअरिंग वळवताच नाक पटकन आत शिरतं. वर एन लाइनला मागेही डिस्क ब्रेक.

पावसाळ्यात मात्र दोघींची खोड सारखीच: ओल्या वळणातून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला, की आतलं पुढचं चाक फुकट फिरतं. मेकॅनिकल एलएसडी (एक चाक फुकट फिरू लागलं, की ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारा यांत्रिक भाग) कुणालाच नाही. (टायर जुने होऊन टणक झाले असतील तर आधी ते बदला.)

घाटासाठी मी एन लाइनच घेईन.