थॉनी, कोलॅब आणि फिजिक्सचं जर्नल: बी.एस्सी.ची दोन सेमिस्टर पायथन वापरल्यानंतर

सोलापुरात बी.एस्सी. फिजिक्स करणाऱ्यांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी का? दोन सेमिस्टर वापरल्यावर उत्तर स्पष्ट आहे: शिकावीच. फक्त क्लासमध्ये जिथून सुरुवात होते तिथून नको. मूळ संख्या, पॅलिंड्रोम, चांदण्यांचे त्रिकोण यांत महिना जातो आणि फिजिक्स कुठेच येत नाही. सुरुवात स्वतःच्या जर्नलमधल्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतल्या, रीडिंगपासून करा. तिथलं उत्तर आधी हाताने काढलेलं असतं, त्यामुळे प्रोग्राम चुकला की ताबडतोब कळतं.

साधनांबद्दल थोडक्यात. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर थॉनी हा साधा एडिटर घ्या. पायथन त्याच्यासोबतच येतं. टूल्स मेनूतल्या 'मॅनेज पॅकेजेस'मधून नमपाय, सायपाय (दोन्ही गणितासाठी) आणि मॅटप्लॉटलिब (ग्राफसाठी) टाकलं की पदवीपुरतं सगळं झालं. व्ह्यू मेनूतून 'व्हेरिएबल्स'ची चौकट उघडी ठेवा, कशात कोणता आकडा बसलाय ते समोर दिसतं. नवशिक्यासाठी याहून मोलाची सोय दुसऱ्या कुठल्या एडिटरमध्ये सापडली नाही. ॲनाकोंडा हा पायथनचा मोठा संच अशा लॅपटॉपवर फार जड जातो.

लॅपटॉप नसेल तर गूगलचं कोलॅब. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्यांना मोबाइलवरही काम पुढे नेता येतं. पण सेशन संपलं की अपलोड केलेली रीडिंगची फाइल उडते, म्हणून ती गूगल ड्राइव्हवर ठेवून ड्राइव्ह जोडून घ्यावा. शिवाय सेल (कोडच्या चौकटी) खाली-वर क्रमाने चालवले की जुन्या किमती मेमरीत राहतात आणि उत्तर 'बरोबर' येत राहतं. जर्नलमध्ये उतरवण्याआधी सेशन रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवाच. जीपीयूची या कामाला काही गरज नाही.

आता खरा मुद्दा. एरर दाखवून थांबणारा प्रोग्राम त्रासदायक नसतो. पटण्यासारखं चुकीचं उत्तर देणारा असतो.

ग्रेटिंगचा प्रयोग घ्या. १५,००० रेषा प्रति इंच, सोडियमचा दिवा, पहिली ऑर्डर, कोन २०° २२′. हा कोन प्रोग्राममध्ये २०.२२ असा लिहिला तर तरंगलांबी सुमारे ५८५.३ नॅनोमीटर येते. खरा कोन आहे २० अधिक २२ भागिले ६०, म्हणजे २०.३७ अंश, आणि त्यातून येतात ५८९.३. चार नॅनोमीटरचा फरक 'प्रायोगिक त्रुटी' म्हणून सहज खपून जातो. म्हणून अंश आणि मिनिटं वेगळ्या कॉलममध्ये भरा आणि बेरीज प्रोग्रामला करू द्या. साइन काढण्याआधी नमपायचं 'रेडियन्स' फंक्शन लावायचं, हेही इथेच अंगवळणी पडतं. थेट ३० ची साइन मागितली तर उणे ०.९८८ मिळते.

डायोडचा प्रयोग तर आणखी शिकवतो. सायपायच्या कर्व्ह-फिट या फंक्शनला डायोडच्या करंट-व्होल्टेजचं शॉकलीचं समीकरण तसंच दिलं की ते बहुधा फसतं, कारण सुरुवातीचा अंदाज दिला नाही तर ते प्रत्येक अज्ञात १ धरून निघतं. सिलिकॉन डायोडचा सॅच्युरेशन करंट १ अँपिअरच्या जवळपासही नसतो, तो नॅनोअँपिअरच्या घरात किंवा त्याहून कमी असतो. सोपा उपाय: करंटचा नैसर्गिक लॉग घ्या, व्होल्टेजसमोर मांडा आणि सरळ रेषा बसवा. वरच्या टोकाला रेषा वाकते, ती सीरिज रेझिस्टन्समुळे. ते बिंदू फिटमधून वगळा, पण ग्राफवर दिसू द्या. आणि तापमान ३०० केल्विन धरू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत लॅबमध्ये ४० अंश सहज असतात. तेव्हा समीकरणातला थर्मल व्होल्टेज (kT/q) २५.९ नाही, २७ मिलिव्होल्ट असतो. ३०० धरलं तर एवढ्याने आयडिअ‍ॅलिटी फॅक्टर (डायोड आदर्शापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) चार टक्के जास्त येतो. भिंतीवरच्या थर्मामीटरचं रीडिंग हा प्रोग्रामचा एक इनपुटच समजा.

साध्या लंबकासाठी आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांवर सरळ रेषा बसवायला नमपायचं पॉलिफिट पुरतं. त्याला कोव्हेरियन्सची मॅट्रिक्स मागा. तिच्या कर्णावरच्या संख्यांचं वर्गमूळ म्हणजे चढ आणि छेद यांची अनिश्चितता. त्यासाठी किमान सहा-आठ लांब्या हव्यात. सोलापूरचं अक्षांश आणि उंची धरली तर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ येतं, तेव्हा ९.८१ शी ताडून टक्केवारी काढणं बरोबर नाही.

कपॅसिटर डिस्चार्जमध्ये मात्र कोडला काहीच कळत नाही. १० मेगाओहमचा मल्टिमीटर १ मेगाओहमच्या रेझिस्टरला जोडला की परिणामी रोध ०.९१ मेगाओहम उरतो. फिट सुरेख बसतं, टाइम कॉन्स्टंट नऊ टक्के कमी येतो. १० किलोओहम वापरा, प्रश्न मिटतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेली किंमत सर्रास वीस टक्के इकडे-तिकडे असते, हेही ध्यानात ठेवा.

रीडिंग हाताळता येऊ लागली की सिम्युलेशनकडे वळा. पहिलं स्प्रिंगचं करा, आवर्तकाल १ सेकंद, टप्पा ०.०१ सेकंद. साध्या ऑयलर पद्धतीत (जुन्या वेगाने स्थान आणि जुन्या स्थानावरून वेग) एका आवर्तनात ऊर्जा सुमारे ४८ टक्के वाढते. इथे टप्पा लहान करण्याआधी ओळींचा क्रम बदलून पाहा: आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने स्थान. ऊर्जा किंचित खाली-वर होते, पण चढत जात नाही. म्हणूनच प्रत्येक सिम्युलेशनमध्ये एकूण ऊर्जेचा ग्राफ हवा, प्रश्नात मागितला नसला तरी.

प्रिंटला कंस नसलेल्या जुन्या झेरॉक्स नोट्स घेऊ नका. त्या पायथन २ च्या, २०२० पासून ते बंद आहे, आणि त्यात १ भागिले २ चं उत्तर शून्य येतं.