एका अडकलेल्या बोल्टपायी घेतलेली इम्पॅक्ट गन, ८ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, ही गन (ठोके मारून बोल्ट फिरवणारं यंत्र) मी हौस म्हणून घेतली नव्हती. लॉन मूवरच्या पात्याचा बोल्ट निघेना म्हणून चिडून घेतली. अर्धा इंची ड्राइव्हची (म्हणजे पुढचा चौकोनी दांडा अर्ध्या इंचाचा), बॅटरीवाली, बॅटरीसकट २ किलोच्या आसपास. कंपनी कुठली ते सांगत बसत नाही कारण या वर्गातल्या सगळ्या गन थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत आणि मला जे सांगायचंय ते कंपनीपेक्षा वापराबद्दल जास्त आहे.

तर झालं असं की पातं बोथट झालं होतं, गवत कापलं न जाता फाटत होतं, टोकं पिवळी पडायला लागली होती. म्हटलं काढू आणि कानस मारू, अर्ध्या तासाचं काम. स्पार्क प्लगची वायर काढली (हे पहिलं, बाकी सगळं नंतर, पातं हाताने फिरवलं तरी इंजिन धक्का मारू शकतं), मशीन कलतं केलं, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर ठेवून, नाहीतर इंजिनचं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि मग सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचे लोट. खाली बघतो तर बोल्टाचं डोकं कुठे आणि वाळलेलं गवत कुठे कळेना. खरवडून काढलं तर आत तपकिरी भुगा, वायसर आणि पातं जणू एकच तुकडा.

रिंग पाना लावला, जोर दिला, पातं फिरलं. पातं अडवायला लाकडाचा गुटका घातला, परत जोर दिला, गुटका निसटला आणि माझी बोटं पत्र्यावर. मग पान्याला पाईप घातला. आता बघा, अर्ध्या मीटरच्या दांड्यावर ४० किलोचा भार टाकला तर बोल्टवर साधारण २०० न्यूटन मीटर (पिळाच्या जोराचं माप) येतात, म्हणजे हा बोल्ट जेवढा आवळायचा असतो त्याच्या तिप्पट-चौपट. तरी हलला नाही. उलट रिंग पाना डोक्यावरून घसरला आणि दोन कोपरे गोल झाले. तिथे मात्र थांबलो, कारण कोपरे गेले की वेगळीच कहाणी सुरू होते.

घरात असतो तो स्प्रे मारला, रात्रभर ठेवला, काही नाही. नंतर कळलं की ते साहजिक आहे. बोल्ट क्रँकशाफ्टमध्ये (इंजिनचा पातं फिरवणारा दांडा) बंद भोकात गेलेला असतो, तेल आत शिरायला फक्त डोक्याखालची केसाएवढी फट. त्यात ती फट गवताचा रस आणि गंज मिळून लिंपलेली. आधी तारेच्या ब्रशने घासून वायसरची कड उघडी करा, मग खास गंज सोडवणारं तेल थोडं थोडं दोन-तीनदा सोडा, मध्ये हातोडीने डोक्यावर हलके टकटक करा, तेव्हा ते आत झिरपतं. हलके म्हणजे हलके. पात्यावर घण घालणारे लोक क्रँकशाफ्ट वाकवून बसतात आणि मग मशीन जन्मभर थरथरत राहतं. गॅसच्या शेगडीने किंवा टॉर्चने तापवायचा सल्लाही मिळाला होता, पण वर लगेच ऑइल सील आहे, रबरी, आणि टाकीत पेट्रोल. मी त्या वाटेला गेलो नाही.

शेजारच्या काकांनी येऊन पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उलट आटे तर नाहीत ना रे?" नव्हते. चालत ढकलायच्या बहुतेक मशीनला साधे आटेच असतात, खालून बघितलं की डावीकडे फिरवून सुटतात. बसून चालवायच्या काही मोठ्या मशीनला उलटे असतात, तेव्हा पुस्तिका बघून घ्या. काकांनी कारणही सांगितलं जे मला पटलं: पातं ज्या बाजूला फिरतं त्यामुळे गवताचा प्रत्येक अडथळा बोल्ट अजून थोडा आवळत असतो, दगड लागला तर एकदम कचकन. म्हणजे मी वर्षभर कापत नव्हतो, आवळत होतो.

मग गन आली. सहाकोनी काळी इम्पॅक्टवाली गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसणारं सॉकेट) लावली. ही गोष्ट महत्त्वाची, बाराकोनी गोटी कोपऱ्यांवर बसते आणि गोल करते, सहाकोनी सपाट बाजू धरते, आणि चकचकीत क्रोमवाली हाताची गोटी गनला लावू नका, तडकते. बटण दाबलं. पहिले दोन सेकंद नुसतं टर्रर्र, बोल्ट ढिम्म, मग आवाज बदलला, जरा पोकळ झाला, आणि गोटी फिरायला लागली. बस्स. दोन दिवस झगडलो ते पाचेक सेकंदांत.

कसं होतं ते समजलं की गनवरचा राग आणि प्रेम दोन्ही कळतं. आतमध्ये एक हातोडा फिरत फिरत दांड्याला ठोके मारतो, मिनिटाला २-३ हजार. सलग जोर नाही, ठोके. गंजाला जोरापेक्षा ठोका सोसवत नाही, आणि ठोका इतका क्षणिक की पात्याचं वजनच त्याला अडवून धरतं, मनगटाला पीळ बसत नाही. गुटका तरी लावाच, मोजेही घाला.

आता माझा गाढवपणा. पातं धारदार करून, खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल बघून परत बसवलं आणि आनंदाच्या भरात बोल्ट गननेच आवळला. तीन-चार सेकंद, मस्त टर्रर्र. पुस्तिकेत ५४ न्यूटन मीटर लिहिलंय, मी किती दिला देवास ठाऊक. दोन-अडीच महिन्यांनी परत धार लावायला गेलो (२०-२५ तास चाललं की लावावी लागते) तर बोल्ट पहिल्यापेक्षा घट्ट! यावेळी गंजाचा नावालाही पत्ता नाही, दोष शंभर टक्के माझा. अर्धी बॅटरी गेली, मध्ये दोनदा गन तापली म्हणून थांबलो, शेवटी एक चीं असा कर्कश आवाज करून निघाला. वायसरची वाटी चपटी झालेली, आणि बोल्ट हाताने परत घालून बघितला तर चार फेरे नीट गेला आणि अडकला, आटे ताणले गेलेले. तो बदलला. हार्डवेअरमधला दिसायला सारखा कुठलाही बोल्ट चालत नाही बरं का, पात्याचा बोल्ट कडक केलेला असतो, त्याच मशीनचा घ्या, वायसरसकट.

थोडक्यात गन सोडवायला एक नंबर, आवळायला अजिबात नाही, कारण किती झालं हे ती सांगत नाही आणि हाताला कळत नाही. आता मी बोल्ट हाताने घालतो, शेवटचं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. पात्याची वर वळलेली पंखं मशीनच्या पत्र्याकडे आहेत ना हेही तेव्हाच बघतो, एकदा उलटं बसवून अर्धं लॉन नुसतं चोळलंय मी.

बाकी तक्रारी. आवाज भयंकर, बंद जागेत कानात बोळे हवेतच. लांबी जास्त, त्यामुळे अडचणीच्या जागी शिरत नाही, पात्याखाली मात्र जागा भरपूर. सहाव्या महिन्यात पुढची गोटी धरायची रिंग सैल झाली, गोटी खाली तोंड केलं की टप्पकन पडते, रिंग बदलणं सोपं आहे पण इतक्या लवकर व्हायला नको होतं. बारीक बोल्टला तर लावूच नका, बाकड्याचा ८ मिमीचा बोल्ट मी डोळ्यादेखत तोडलाय. गाडीच्या चाकांचे नट सोडवायला मात्र मजा येते.

फक्त मूवरसाठी घ्यायची का? माझं मत नाही. वर्षातून दोनदा पातं काढणाऱ्याला लांब दांड्याचा ब्रेकर बार, नीट बसणारी सहाकोनी गोटी, न निसटणारा गुटका आणि एक रात्र तेलात, एवढं बहुतेक वेळा पुरतं. माझ्याकडे तेव्हा गोटी आणि धीर दोन्ही नव्हतं. घरात गाडी, गेट, जुनं लोखंड असं बरंच काही असेल तर घ्या, पस्तावणार नाही.

गेल्या वेळी टॉर्क रेंचने आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यापासून पात्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली होती. काल मशीन कलतं करून बघितलं, गवत खरवडल्यावर रेघ सरळच दिसली, आणि पातं अजून महिनाभर तरी चालेल.