अणू बघायचाय? आधी सॅम्पल बघा

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, आणि अणू जेमतेम 0.1 ते 0.3 नॅनोमीटरचा. त्यामुळे साधा मायक्रोस्कोप इथं बाद. उरतात मुख्यतः तीन यंत्रं: एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप), एएफएम (अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) आणि स्टेम, म्हणजे स्कॅनिंग ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. नवखी मंडळी लगेच रिझोल्यूशनचे आकडे ताडून बघतात. पण अणू तिन्ही दाखवतात. अडतं ते सॅम्पलपाशी.

वीज वाहणारं, स्वच्छ, सपाट सॅम्पल असेल तर एसटीएम. 1981 मध्ये बिनिग आणि रोहरर यांनी झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र घडवलं. धातूचं टोकदार टोक पृष्ठभागाला न टेकवता इतकं जवळ न्यायचं, की मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन पार होतात. फट 0.1 नॅनोमीटरने वाढली की प्रवाह साधारण दहापट घटतो. सगळी करामत ह्या हळवेपणाची. टोक मात्र महालहरी. प्लॅटिनम-इरिडियमची तार तिरकी धरून, ओढत कापायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा. दोन टोकं निघाली तर चित्रात प्रत्येक गोष्ट दोनदा उमटते. शिवाय एसटीएम टिपतं ते इलेक्ट्रॉनचं वाटप. ग्रॅफाइटच्या षटकोनातले सहापैकी तीनच अणू बहुधा ठळक येतात. बाकीचे तीन गायब झाले असं समजून घाबरू नका.

सॅम्पल वीज वाहत नसेल तर एएफएम (1986). ते प्रवाहाऐवजी सुईवरचं बल मोजतं. पण रोजच्या कामातल्या एएफएमवर अणू सहसा दिसत नाहीत. 2009 मध्ये पेंटासीन या सेंद्रिय पदार्थाच्या रेणूतली पाच कडी स्पष्ट दिसली, ती अतिशीत निर्वातात, टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू चिकटवून.

पृष्ठभाग नको, आतली रचना हवी? मग स्टेमच. त्यात इलेक्ट्रॉनची शलाका सॅम्पलच्या आरपार जाते. सॅम्पल काही दहा नॅनोमीटर इतकं पातळ करावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. स्फटिकात दिसतात त्या बहुतेकदा एकामागे एक उभ्या अणूंच्या रांगा. जड अणू जास्त उजळ दिसतो. म्हणून तर 1970 मध्ये शास्त्रज्ञ अल्बर्ट क्रू यांना थोरियमचे सुटे अणू दिसले. धोका शलाकेचाच: ग्राफिन (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) 80 किलोव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून खाली बघतात, नाहीतर कार्बनचे अणू जागेवरून उडतात. नाजूक सेंद्रिय पदार्थ तर चित्र येण्याआधीच बिघडतात.

अणू हलवायचाही असेल, तर मी डोळे झाकून एसटीएम घेईन. 1989 मध्ये आयबीएमचे शास्त्रज्ञ डॉन आयग्लर यांनी झेनॉनचे 35 अणू त्याच टोकाने निकेलवर एकेक सरकवून आयबीएमची अक्षरं मांडली. अणू जागचे हलू नयेत म्हणून तापमान मात्र 4 केल्विन (सुमारे उणे 269 अंश सेल्सियस) ठेवावं लागलं होतं.