इंजिन सुरू होऊन बंद पडत होते. पंपाचे पैसे घेतले, पण पंप बदललाच नव्हता

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारचे जेवणाचे डबे पोहोचवण्यासाठी आम्ही एक व्हॅन वापरतो. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी. गेल्या वर्षी जूनमध्ये ती रोज सकाळी एकच त्रास देऊ लागली. चावी फिरवली की इंजिन लगेच सुरू व्हायचे, दोन-तीन सेकंद चालायचे आणि गचका देऊन बंद पडायचे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर मात्र ते चालू राहायचे. ही गोष्ट मी गॅरेजमध्ये आवर्जून सांगितली होती. तिचा अर्थ मला तेव्हाच कळला असता, तर पुढचे ११,८०० रुपये वाचले असते.

महामार्गालगतच्या त्या गॅरेजच्या मालकांनी बॉनेट उघडले, दोनदा स्टार्टर मारून पाहिला आणि पाच मिनिटांत सांगितले, "टाकीतला पेट्रोल पंप गेलाय साहेब, प्रेशर धरत नाही." प्रेशर मोजण्याचा गेज त्यांनी लावला नाही, गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही जोडला नाही. डबे थांबले की आमचा दिवसच बुडतो, त्यामुळे मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरळीत सुरू झाली, मी मोबाईलवरून पैसे दिले आणि पावती म्हणून वहीच्या कागदावर लिहिलेली एक चिठ्ठी घेतली. जुना पंप मागितला तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले, आणि मी गप्प बसलो.

बाराव्या दिवशी तोच त्रास परत सुरू झाला. या वेळी निदान निघाले ते इंजिनचा कंप्युटर म्हणजे ईसीएम खराब झाल्याचे आणि खर्च सांगितला २२,००० रुपये. तेव्हा मात्र मी थांबलो, आणि मेहुण्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे टोचन लावून गाडी नेली.

त्या मिस्त्रींनी आधी हत्याराला हात लावला नाही, प्रश्न विचारले. सीएनजीवर असताना काय होते? मी सांगितले की पोवई नाक्यावर गर्दीत पाय काढला की सीएनजीवरही ती बंद पडते. पेट्रोलवर घाट चढते का? यवतेश्वरचा घाट तर भरलेल्या गाडीने त्याच आठवड्यात चढला होता. ते म्हणाले, "दादा, सीएनजीवर इंजिनाला पेट्रोल लागतच नाही. मग तिथं बंद पडण्याचा दोष पंपावर कसा घालायचा?" पंप कमजोर झाला की जोर लागेल तिथे, म्हणजे चढावर किंवा वेग घेताना, गाडी आधी दम तोडते. आमची गाडी नेमकी उलटी वागत होती.

मग त्यांनी डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. कोड आला पी०५०५, म्हणजे आयडलिंगच्या, ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद फिरत राहण्याच्या, नियंत्रणातील बिघाड. पाय पूर्ण काढलेला असताना इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला लागणारी थोडी हवा बाजूच्या बारीक वाटेने जाते. ती किती जाऊ द्यायची हे आयडल व्हॉल्व्ह ठरवतो. आमच्या गाडीत त्या वाटेत आणि व्हॉल्व्हच्या टोकावर काजळीचा इतका जाड थर बसला होता की मिस्त्रींनी नखाने खरवडल्यावर तो पापुद्र्यासारखा निघाला. इंजिन सुरू व्हायचे आणि हवा अपुरी पडून बंद व्हायचे. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडून हवा मिळायची. सफाई, नवे गॅस्केट आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. आधीच्या गॅरेजने त्या जागी वरवर स्प्रे मारला असावा आणि म्हणूनच गाडी अकरा दिवस नीट चालली, असे त्यांचे मत पडले, आणि मलाही ते पटते.

त्यानंतर त्यांनी गाडी रॅम्पवर घेऊन मला खाली बोलावले. या गाडीत टाकी उतरवल्याशिवाय पंप बाहेर काढता येत नाही. बॅटरीच्या उजेडात टाकीचे चारही बोल्ट मी स्वतः पाहिले. त्यांच्यावर लाल मातीचा वाळलेला थर होता, खाली जुना गंज होता, आणि एकाही बोल्टच्या कडेवर पाना बसल्याची चकाकी नव्हती. पंप बदललाच नव्हता. त्या क्षणी पैशांपेक्षाही अधिक लागले ते हे, की मी एका माणसावर विश्वास ठेवून गाडी त्याच्या हवाली केली होती.

"सुरू होऊन बंद पडते" या तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात, म्हणून तिच्या नावाखाली कोणताही महागडा सुटा भाग गळ्यात मारता येतो. कोणताही भाग बदलू देण्यापूर्वी घरीच काही गोष्टी पाहाव्यात. स्टार्टर न मारता चावी फक्त ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली, तर निदान पंपाला वीज मिळते आणि तो फिरतो एवढे कळते. ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नसण्याची शक्यता असते. तेव्हा आधी दुसरी चावी लावून पाहावी. पंपच गेला असे कोणी म्हणाले तर गेज लावून प्रेशर समोर दाखवायला सांगावे, जुना भाग परत मिळेल हे काम सुरू होण्याआधीच ठरवावे आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बोल्टचे फोटो, ती चिठ्ठी व पैसे दिल्याचा तपशील जोडून गॅरेजला लेखी पत्र पाठवले. तीन आठवड्यांनी त्यांनी ८,००० रुपये परत केले. उरलेल्या ३,८०० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज मी लिहीत आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.