चाळीस फुटी कंटेनर: मापाला पक्का, ओलीला कच्चा

साध्या, कोरड्या मालाच्या ४० फुटी कंटेनरमध्ये पाहण्यासारखं फारसं काही नाही. नालीदार पोलादी पत्रा, तळाला २८ मिलिमीटरचं प्लायवूड, एका टोकाला दोन दारं आणि आठ कोपऱ्यांवर आठ ओतीव ठोकळे. बाहेरून लांबी १२.१९२ मीटर, रुंदी २.४३८, उंची २.५९१, ‘हाय क्यूब’ घेतला तर उंची २.८९६. बंदर कुठलंही असो, मापं हीच. त्यामुळे क्रेन, रेल्वेची वाघीण, ट्रेलर आणि जहाज यांपैकी कोणालाही आत काय आहे याची पर्वा करावी लागत नाही. जागतिकीकरण म्हणून जे काही आपल्या घरात येऊन पडलं आहे, त्यातलं बरंचसं या बेपर्वाईवर चालतं.

वस्तू म्हणून यातला सर्वांत हुशार भाग ते कोपऱ्यातले ठोकळे. सगळी ताकद त्यांच्यात आणि त्यांना जोडणाऱ्या चार खांबांत असते. भिंतीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. डबे एकमेकांवर रचताना वजन खांबांतून खाली उतरतं. जुन्या डब्यांच्या सुरक्षा-पाटीवर रचाईची क्षमता सहसा १,९२,००० किलो लिहिलेली दिसते, पण त्याच डब्याच्या भिंतीला सैल माल आतून धडकला तर पत्रा फुगतो. ठोकळ्यात अडकून फिरणारं ‘ट्विस्टलॉक’ कीथ टँटलिंगर या अभियंत्याच्या कामातून आलं. कंटेनर वाहतूक रुजवणाऱ्या अमेरिकन माल्कम मॅकलीनच्या कंपनीने त्याचे पेटंट हक्क सगळ्यांसाठी खुले केले, म्हणून ते प्रमाण ठरू शकलं. याच मॅकलीनचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं होतं. त्या वेळच्या हिशेबात सुटा माल चढवायला टनाला ५.८६ डॉलर लागत. डब्यातून तेच काम सुमारे १६ सेंटमध्ये झालं.

आता आतली मापं, कारण फसगत इथेच होते. आतली रुंदी साधारण २.३५ मीटर. युरोपात चालणारं पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचं. दोन पॅलेटं आडवी शेजारी ठेवायची तर २.४० मीटर हवेत, म्हणजे पाच सेंटिमीटर कमी पडतात. मग एक आडवं, एक उभं असं कोडं जुळवत ४० फुटीत २४ किंवा २५ पॅलेटं बसतात आणि उरलेल्या फटी हवेच्या पिशव्यांनी किंवा लाकडी टेकूंनी भराव्या लागतात. त्या फटी तशाच ठेवल्या तर जहाज डोललं की रांग सरकते आणि दाराकडचं पॅलेट दारावरच रेलतं. पॅलेट न वापरता खोकी थेट रचली तर जागा वाचते, पण दोन्ही टोकांना हमालीचे तास वाढतात. पन्नास वर्षांहून जुन्या प्रमाणित वस्तूत ही विसंगती अजून तशीच आहे, हे जरा अतीच म्हणायचं.

वजनाचं गणित आणखी चमत्कारिक. २० फुटी आणि ४० फुटी, दोन्हींची एकूण कमाल मर्यादा साधारण ३०.४८ टन. मोठा डबा स्वतःच ३.७ टनांचा, छोटा २.३ टनांच्या आसपास. म्हणजे दुप्पट लांबीच्या डब्यात दीडेक टन कमी माल! जड मालाला २० फुटी आणि फुगीर मालाला ४० फुटी घ्यायचा, तो यामुळे. शिवाय रस्त्यावरची मर्यादा अनेक देशांत याहून कमी असते. डबा जहाजावर बसला म्हणजे ट्रेलरवर चालेलच असं नाही. भरताना अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांहून जास्त वजन जाऊ देऊ नये. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. ते दोन पद्धतींनी काढता येतं: भरलेला डबा काट्यावर घ्या, किंवा माल, पॅलेट, टेकू यांची वजनं मोजून डब्याच्या स्वतःच्या वजनात मिळवा. दुसऱ्या पद्धतीत टेकू आणि बांधणीचं वजन विसरणं ही नेहमीची चूक.

हा डबा समाजात काय उलथापालथ करतो, ते समजायला एक हिशेब पुरेसा आहे. ४० फुटी हाय क्यूबमध्ये सुमारे ७६ घनमीटर जागा असते. प्रत्यक्षात ६५ भरली असं धरू. बुटांच्या जोडाचं खोकं ३३ बाय २० बाय १२ सेंटिमीटरचं असेल तर आठ हजारांवर जोड बसतात. त्याच डब्यात तीन किलोच्या विटा भरल्या तर साडेसव्वीस टनांच्या मर्यादेत त्याही आठ-पावणेनऊ हजारच. नग जवळपास सारखे आणि भाडं डब्यावर ठरलेलं, म्हणून नगामागे भाडंही सारखंच. ते दुप्पट झालं तरी बुटाच्या किमतीत बुडून जातं. विटेचा मात्र धंदाच बसतो. म्हणून वीटभट्टी गावाबाहेर टिकून राहते आणि चांभाराची गाठ हजारो मैलांवरच्या कारखान्याशी पडते. कोणती कारागिरी मरेल आणि कोणती तगेल, हे ठरवण्यात जकातीइतकाच या घनमीटरांचा हात असतो.

परतीचा प्रवास तर आणखी बोलका आहे. माल एका दिशेला जास्त जातो, म्हणून डबे रिकामे परततात आणि परतीचं भाडं घसरतं. त्या स्वस्त जागेत रद्दी, भंगार, प्लास्टिक कचरा, वापरलेले कपडे भरले जातात. चीनने २०१८ पासून अनेक प्रकारच्या कचऱ्याची आयात बंद केली, तेव्हा श्रीमंत देशांतल्या नगरपालिकांना आपला कचरा वर्गीकरणानंतर कुठे जायचा, हे पहिल्यांदाच नीट पाहावं लागलं. जुन्या कपड्यांचे गठ्ठे अजूनही फिरतात आणि जिथे उतरतात तिथल्या शिंप्यांशी त्यांची थेट स्पर्धा असते.

गोदी कामगारांचं काय झालं, हे बंदरांच्या नकाशावर दिसतं. लंडनच्या नदीकाठच्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या आणि माल फेलिक्सस्टोसारख्या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांकडे गेला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कामगार संघटनेने १९६० मध्येच यांत्रिकीकरणाला वाट देऊन त्या बदल्यात जुन्या कामगारांसाठी निधी मिळवला. ही तडजोड तिथे झाली, सगळीकडे नाही. पूर्वी जहाज आठवडाभर बंदरात थांबे आणि खलाशी गावात मिसळत. आता मुक्काम बहुधा दिवसाच्या हिशेबात मोजतात, नि टर्मिनल शहरापासून दूर कुंपणाआड.

डब्याचा सर्वांत मोठा दोष मात्र ओल. दिवसा छप्पर तापतं, रात्री गार होतं आणि आतल्या हवेतली वाफ छताला धरून मालावर टपकते. ही वाफ बाहेरून फारशी येत नाही. ती पॅलेटच्या ओल्या लाकडातून, खोक्यांच्या पुठ्ठ्यातून आणि फळीतूनच निघते. भिंतीवरची छोटी छिद्रं हवेचा दाब सांभाळण्यापुरती, वायुवीजनाला निरुपयोगी. ओल शोषणाऱ्या कॅल्शिअम क्लोराइडच्या पिशव्या टांगाव्यात, पण त्याआधी लाकडाची ओल मोजावी. २० टक्क्यांवर असेल तर पिशव्यांनी भागत नाही. लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का हवा. तो किडींसाठी असतो, कोरडेपणाची हमी देत नाही, आणि हा घोळ सर्रास होतो. शिक्क्याचा नियम उगाच नाही: लाकूड पोखरणारे किडे या वाटेने खंड ओलांडतात आणि एका देशाची जंगलं दुसऱ्या देशाच्या पॅकिंगची किंमत मोजतात.

रिकामा डबा ताब्यात घेताना आत उभं राहून दोन्ही दारं लावून घ्यावीत. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येईल. डबा परत पाठवावा. फळीवर तेलाचे डाग, वर आलेले खिळे, रसायनाचा वास, मागच्या धोकादायक मालाची चिकटवलेली लेबलं पाहावीत. नंबर कागदाशी ताडावा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. इंग्रजी अक्षरांना १० पासून मूल्यं देतात (११ आणि त्याच्या पटी सोडून), मग मूल्यांना आणि आकड्यांना ओळीने १, २, ४ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणून बेरजेला ११ ने भागतात. उरलेली बाकी म्हणजे तो आकडा, १० उरली तर शून्य. नंबर उतरवताना एक अक्षर चुकलं तरी बहुधा इथे पकडलं जातं. सीलबरोबर दाराच्या मुठीचे रिव्हेटही पाहावेत. ते काढून, सील न तोडता दार उघडता येतं.

भरपाईच्या बाबतीत हा डबा दगा देतो, पण दोष कागद भरणाऱ्याचा. समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय हेग-विस्बी नियम लागू असतील तर वाहकाची जबाबदारी नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, जे जास्त असेल त्यापुरती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे वाहकाने दिलेल्या मालाच्या पावतीवर, नुसतं ‘एक कंटेनर’ लिहिलं तर अख्खा डबा एक नग धरला जातो. ‘८०० खोकी’ लिहिलं तर आठशे नग. मुक्कामी दार उघडताना आधी उजवं उघडायचं आणि दोन्ही दारांना पट्टा बांधून ठेवायचा, कारण रेललेला माल अंगावर येतो. माल हलवण्याआधी फोटो काढावेत. दिसणारी नुकसानी ताबा घेतानाच लेखी कळवायची, न दिसणारी तीन दिवसांत. दाव्याची मुदत एक वर्ष.